फुकट की मोकळा?

परवा भाच्याशी फोनवर चांगलंच वाजलं. तो पुण्यात शिकतो आणि रात्री दोन-दोनपर्यंत जागून युरोपातलं फुटबॉल बघतो. विषय एम्बाप्पेचा निघाला. "मामा, 18 कोटी युरो मोजून आणलेला माणूस पॅरिसनं 2024 मध्ये फुकटात घालवला! त्या बोसमननं फुटबॉलची वाट लावली."

हे 'बोसमननं वाट लावली' मी इतकी वर्षं ऐकतोय की आज एकदाचं लिहूनच टाकतो. फुटबॉल न बघणाऱ्या नातेवाइकांनीही वाचा. गोष्ट बेल्जियममध्ये सुरू होते, पण येते आपल्याच जिल्ह्यात.

जाँ-मार्क बोसमन हा काही मोठा खेळाडू नव्हता. लिएज नावाच्या क्लबात होता. 30 जून 1990 ला त्याचा करार संपला. क्लबनं नवा करार पुढे केला तो महिना 30,000 फ्रँकचा. आधी त्याला मिळत होते 1,20,000! त्यानं नाही म्हटलं. फ्रान्समधला डंकर्क क्लब त्याला घ्यायला तयार होता. पण तेव्हाचा नियम असा की करार संपला तरी जुन्या क्लबला भरपाई द्यायची. लिएजनं त्याची किंमत लावली होती सुमारे 1 कोटी 17 लाख फ्रँक. म्हणजे पगार द्यायची वेळ आली तेव्हा माणूस पाव किमतीचा, आणि विकायची वेळ आली की कोटीचा. पुढे डंकर्कशी कमी रकमेत बोलणी जमली, तर हे पैसे देतील की नाही अशी शंका काढून लिएजनं त्याचे कागदच पुढे सरकवले नाहीत. वर त्यालाच निलंबित केलं. करार नाही, खेळ नाही, आणि सुटकाही नाही.

तो कोर्टात गेला. युरोपीय न्यायालयाचा निकाल आला 15 डिसेंबर 1995 ला. करार संपलेला खेळाडू युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात जात असेल तर जुन्या क्लबला पैसे मागता येणार नाहीत. तोवर बोसमन 31 वर्षांचा झाला होता. फुटबॉलपटूचं 31 म्हणजे काय ते सांगायला नको. पुढे तो दारूत आणि गरिबीत अडकला. ज्यांचे कोट्यवधी झाले ते दुसरेच.

आता 'फुकट' या शब्दाकडे येतो. इंग्रजीत एकच 'फ्री' आहे, त्यामुळे त्यांची पंचाईत आपण समजू शकतो. पण आपल्याकडे दोन शब्द आहेत ना! फुकट आणि मोकळा. वस्तू फुकट जाते, माणूस मोकळा होतो. आपल्या वर्तमानपत्रांनी नेमका पहिला उचलला, आणि तिथूनच सगळं क्लबमालकाच्या गल्ल्यावर बसून बघायची सवय लागली.

आमच्या जिल्ह्यात फुटबॉल फारसं नाही, आमचा खेळ खो-खो. (सारिका काळेला 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा आम्ही किती मिरवलं!) पण 'मोकळा' म्हणजे काय ते कळंब, वाशी, भूमकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोचा एक कोयता धरायचा, आणि कारखान्यावर जायचं. खाडा झाला की दंड. पट्टा पडला, हंगाम संपला, हिशेब झाला, तरी अंगावर बाकी निघते. मग पुढच्या साली त्याच मुकादमाकडे. दुसरा मुकादम न्यायला तयार असेल तर आधी त्यानं ही बाकी भरायची. पावसाळ्यात एखादा म्हणतो, "औंदा मोकळा झालो बघा," तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्याला फुकट म्हणायची हिंमत करून बघा. वेठबिगारीविरुद्धचा कायदा 1976 चा आहे. असो.

तुलना पुरती जुळत नाही, मान्य. तोडणीवाल्यानं उचल घेतलेली असते, आणि मुकादमाचेही पैसे बुडतात, कधीकधी तो स्वतः कारखान्याच्या कर्जात असतो. पण मग बोसमनची बाजू उलट जास्त भक्कम होते की! त्यानं तर दमडीची उचल घेतली नव्हती. काम केलं, पगार घेतला, मुदत संपली. बाकी कसली?

भाच्याचा खरा मुद्दा लहान क्लबांचा होता, आणि तो खोटा नाही. आयाक्सनं 1995 ला युरोपचं विजेतेपद घेतलं ते घरच्या पोरांवर. 1996 ला डेव्हिड्स आणि रायझिगर मिलानला गेले, 1997 ला क्लायव्हर्टही, आणि आयाक्सला त्याबद्दल काही मिळालं नाही. तेव्हापासून हुशार क्लब करार संपायच्या वर्ष-दोन वर्षं आधीच पोरगं विकून टाकतात. वाचलेली रक्कम सही करताना खेळाडू आणि त्याचा एजंट घेतात. एजंटांबद्दल मला प्रेम नाही. पण घडवणाऱ्याला मोबदला द्यायचा तर खेळाडूला अडवून न ठेवता देता येतो. 2001 च्या फिफा नियमांत 23 वर्षांपर्यंतच्या खेळाडूंसाठी प्रशिक्षणाची भरपाई आली, करार मोडून होणाऱ्या खरेदीत 5 टक्के घडवणाऱ्या क्लबांना आले. ते कमी वाटतं? वाढवा. टीव्हीचे पैसे चार बड्या क्लबांकडे साचतात? ते वाटा. ते करायचं कुणाला नाही, म्हणून दोष करार संपलेल्या माणसाच्या माथी.

आणि पॅरिसबद्दल रडू तर मला मुळीच येत नाही. सात वर्षं खेळवला, गोल करून घेतले, आणि वर पुन्हा विकायचाही होता?

भाचा म्हणतो, मामा, उसाचं तुम्ही ओढूनताणून आणलंत. बरं. दिवाळीला ये म्हटलंय. त्याच सुमाराला टोळ्या निघतात, पहाटे चौकात ट्रॅक्टर उभे असतात. तिथे उभं राहून फुकट कोण चाललंय ते सांग.