शिट्टीवर पोट भरतं का?

सुट्टीत आखाडा बाळापूरला घरी गेले, तर घरात वाद पेटलेला. दादा बी.पी.एड.च्या सीईटीचा फॉर्म भरतोय. त्याला कॉलेजात बास्केटबॉलचा कोच व्हायचंय. बाबांचं एकच, "शिट्टीवर पोट भरतं का?"

मित्रांनो, हा रस्ता सोपा नाही. बी.पी.एड., एम.पी.एड., मग नेट किंवा सेट. कोचिंगच शिकायचं तर पतियाळाच्या एन.आय.एस.चा डिप्लोमा. कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक व्हायला फिटनेस टेस्टही असते : तिशीपर्यंतच्या पुरुषांना १२ मिनिटांत १८०० मीटर. श्रेणी मात्र असिस्टंट प्रोफेसरच्या बरोबरीची. तरी आपण त्यांना बॉल देणारे सर एवढंच समजतो!

बाबांची भीती खोटी नाही. कॉलेजात अशी जागा सहसा एकच. शिवाय टीम हरली की दोष कोचचा.

पण १८९१ मध्ये बास्केटबॉल शोधणारे जेम्स नेस्मिथच बघा. ते कॅन्सस विद्यापीठाचे पहिले कोच. ५५ मॅच जिंकले, ६० हरले. पण त्यांच्या हाताखाली खेळलेले फॉग ॲलन पुढे तिथलेच कोच झाले आणि १९५२ मध्ये त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद आणलं. कोचचा रिझल्ट असा उशिरा लागतो.

मला इंजिनिअरिंगला घालताना नोकरीची गॅरंटी कुणी मागितली नव्हती. मग दादाकडेच का? बाबांना हे विचारलं, तर ते गप्प बसले. फॉर्म अजून अर्धाच आहे. काल फोनवर दादाला एवढंच म्हटलं, "भर तू. बाबांशी मी बोलते."