नाव न विचारलेले चेहरे

गेल्या अंकात आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी पणजीत भरलेल्या छायाचित्र-प्रदर्शनाचे मोठ्या आत्मीयतेने रसग्रहण केले आहे. युद्धांमुळे परागंदा झालेल्या माणसांची ती छायाचित्रे पाहून आपले डोळे पाणावले असे त्यांनी लिहिले, सर्वांनी सहकुटुंब ती पाहावीत अशी शिफारस केली, आणि आता ते प्रदर्शन डिचोलीला आणावे असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आला आहे. त्यांच्या शब्दाला मान देऊन मी पेडण्याहून निघालो, म्हापशाला बस बदलली आणि सबंध दुपार त्या दालनात काढली. अस्वस्थ मीही झालो. परंतु माझ्या अस्वस्थतेचे कारण निराळे असल्याने, आणि प्रस्ताव अजून मंजूर व्हायचा असल्याने, हा विरोधी सूर.

छायाचित्रे उत्तम होती हे आधीच मान्य करतो. सिरिया, युक्रेन, सुदान, म्यानमारमधून बांगलादेशात लोटलेले रोहिंगे. तीसेक चौकटी, मंद दिवे, काळ्या भिंती. प्रत्येक चौकटीखाली एक पांढरी पट्टी. तिच्यावर छायाचित्रकाराचे नाव ठळक अक्षरांत, मग देश, वर्ष आणि कोणत्या कागदावर छपाई केली त्याचा तपशील. एका चित्रापुढे मी बराच वेळ थांबलो. सत्तरीची एक बाई चिखलाच्या रस्त्याने येते आहे. डोक्यावर गाठोडे. एका हातात रिकामी बरणी, आणि दुसऱ्या हातात त्या बरणीचे झाकण, मुठीत घट्ट धरलेले. घर सोडताना माणूस काय उचलतो आणि काय विसरतो याचा हिशेब कोणालाच लागत नाही. पण त्या झाकणावरून मला कळले की बाई गृहिणी आहे, आणि बरणीला झाकण नसले तर तिला चालत नाही. खाली पट्टीवर काय लिहिले होते? ‘निर्वासित स्त्री’. एवढेच.

दारापाशी बसलेल्या तरुण स्वयंसेवकाला मी विचारले, “बाबा, ही बाई कोण?” तो नम्रपणे म्हणाला, “सर, ती सगळ्यांचे प्रतीक आहे.” मुलगा बिचारा शिकवलेलेच बोलत होता. मी पुढे विचारले, हिचे गाव कोणते, ती पुढे कुठे पोचली, पोचली की नाही? त्याने पुस्तिका चाळली. पुस्तिकेत छायाचित्रकाराला मिळालेल्या पारितोषिकांची यादी दीड पानाची होती.

माझा आक्षेप इथेच आहे, आणि तो नवा नाही. सबास्तियांव साल्गादो या थोर ब्राझिली छायाचित्रकाराच्या स्थलांतरितांवरील चित्रांबद्दल सुझन सोन्टॅग यांनी २००३ साली असाच आक्षेप घेतला होता: प्रसिद्ध माणसाचे चित्र असले की त्याखाली नाव हटकून असते, आणि दुबळ्याच्या चित्राखाली फक्त त्याचा वर्ग असतो. साल्गादो २०२५ साली निवर्तले; त्यांच्या करुणेविषयी मला शंका नाही. पण करुणा असूनही माणूस विचारायला विसरतो, हे वाईट आहे. ज्याचे घर गेले, शेत गेले, कागदपत्रे गेली, त्याच्यापाशी शेवटी नाव तेवढे उरते, आणि आपण त्याच्यासमोर कॅमेरा धरून तेही न विचारता पुढे जातो.

‘प्रतीक’ या शब्दाचे काय होते ते एका उदाहरणावरून पाहावे. १९८४ साली पेशावरजवळच्या नासिर बाग छावणीत स्टीव्ह मॅककरी यांनी एका अफगाण मुलीचे छायाचित्र टिपले. जून १९८५ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या मुखपृष्ठावर ते आले आणि तिचे हिरवे डोळे जगभर गेले. आपल्याकडेही अनेकांच्या कपाटात तो अंक आहे. सतरा वर्षे ती ‘अफगाण मुलगी’ होती. २००२ साली तिला शोधून काढले तेव्हा तिचे नाव शरबत गुला असल्याचे कळले, आणि आपले ते चित्र तिने तोवर पाहिलेलेही नव्हते. जगातल्या सर्वांत परिचित चेहऱ्यांपैकी एक, आणि तो आपला आहे हे खुद्द चेहऱ्याच्या मालकिणीला ठाऊक नाही! पुढे २०१६ साली तीच बाई खोट्या ओळखपत्राच्या आरोपावरून पाकिस्तानात पकडली गेली आणि अफगाणिस्तानात परत पाठवली गेली. २०२१ मध्ये काबूल पडल्यावर तिला इटलीने आसरा दिला. प्रतीकाला ओळखपत्र लागत नाही. शरबत गुलाला लागत होते.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. त्यातले पहिले खरोखर वजनदार आहे: नाव छापले तर पळून आलेल्याच्या मागे राहिलेल्या नातलगांचा जीव धोक्यात येऊ शकतो. अगदी मान्य. रोहिंग्यांच्या बाबतीत तर फारच मान्य. पण मग पट्टीवर लिहावे की ‘विनंतीवरून नाव दिलेले नाही’. या चार शब्दांत एक भेट घडल्याची खूण आहे. कोणीतरी विचारले, कोणीतरी विचार करून नको म्हटले, आणि नको म्हणण्याचा तिचा अधिकार मानला गेला. न विचारलेले नाव आणि राखून ठेवलेले नाव या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि मी पाहिलेल्या तीस पट्ट्यांपैकी एकीवरही हे चार शब्द नव्हते.

दुसरे म्हणणे असे की अशा चित्रांनीच जगाचे मन हलते. तपशिलाची चिकित्सा करणारे आमच्यासारखे लोक घरी बसलेले असतात. ठीक. २ सप्टेंबर २०१५ रोजी तुर्कस्तानात बोद्रुमच्या किनाऱ्यावर निलुफर देमिर या छायाचित्रकर्तीने टिपलेले तीन वर्षांपूर्वीही न पोचलेल्या एका बालकाचे, वाळूत पालथ्या पडलेल्या देहाचे चित्र आठवावे. त्या चित्राने युरोप हलला हे खरेच. परंतु ते चित्र काही तासांतच नावासह फिरले. आलान कुर्दी, गाव कोबानी, सोबत बुडालेला भाऊ गालिब आणि आई रेहाना, वाचलेला बाप अब्दुल्ला. सुरुवातीला ‘आयलान’ असे चुकीचे नाव छापले गेले, ते दुरुस्त झाले. चुकलेले नाव दुरुस्त करता येते, कारण ते मुळात लिहिलेले असते. म्हणजे ज्या चित्राचा दाखला नेहमी दिला जातो ते माझ्याच बाजूचे साक्षीदार आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या हिशेबाने २०२४ अखेर युद्ध, हिंसा व छळ यांमुळे घर सोडावे लागलेली माणसे १२ कोटी ३२ लाख होती. एवढ्यांची नावे कोण विचारणार, असे कोणी म्हणेल. बारा कोटींची कोणीच मागत नाही. ज्या तिसांना आपण भिंतीवर टांगले त्यांची तरी?

हे सारे दूरचे वाटत असेल तर घराजवळ येऊ. ऑक्टोबर १९४३ मध्ये आपल्या मुरगाव बंदरात दोन बोटी शेजारी लागल्या होत्या. जपानच्या ‘तेइआ मारू’वर जपान्यांनी स्थानबद्ध केलेले अमेरिकन, कॅनेडियन व इतर नागरिक होते; स्वीडनच्या ‘ग्रिप्सहोल्म’वर अमेरिका खंडातून आणलेले जपानी. प्रत्येक बाजूला दीड हजारांच्या आसपास माणसे, आणि तटस्थ पोर्तुगालच्या मुलुखात त्यांची अदलाबदल. त्या गर्दीत कार्ल मायडन्स नावाचा ‘लाइफ’ साप्ताहिकाचा छायाचित्रकार पत्नी शेलीसह होता. युद्धाची चित्रे काढता काढता तो १९४२ च्या आरंभी मनिलात स्वतःच कैदी झाला होता. इतरांच्या दैन्याकडे भिंगातून पाहणारा माणूस आपल्या धक्क्यावर गाठोडे घेऊन रांगेत उभा! पण त्याचे नाव यादीत होते, आणि इतर प्रत्येकाचेही होते, कारण सरकारांना माणसास माणूस मोजून घ्यायचा होता. सोय असली की नावे लिहिता येतात, असा याचा अर्थ.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचा दाखला तर मराठी माणसाने विसरूच नये. सोव्हिएत राजवटीने १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधून हाकलून दूर नेलेल्या पोलिश लोकांपैकी सुमारे पाच हजार, बहुतांश बायका व मुले, इराणमार्गे येऊन १९४३ ते १९४८ या काळात पंचगंगेकाठच्या त्या छावणीत राहिले. तेथील जी छायाचित्रे माझ्या पाहण्यात आली त्यांत रडणारा चेहरा जवळपास नाही. शाळेचे वर्ग आहेत, बालवीर पथक आहे, नाटकाचा पोशाख घातलेल्या मुली आहेत, बराकीच्या ओट्यावर बसलेल्या आया आहेत. ही चित्रे त्यांनी आपल्या आठवणीसाठी काढली आणि आपल्या वह्यांत चिकटवली. पुढे म्हातारपणी त्यांनीच ती गोळा केली, आणि पहिल्या रांगेत डावीकडून तिसरी कोण हे त्यांना सांगता आले. २०१९ मध्ये वळिवड्यात स्मारकस्तंभ उभा राहिला. २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला पुष्पांजली वाहिली. सत्तर-ऐंशी वर्षांनी दोन देशांना एकमेकांची आठवण राहिली ती या नावानिशीच्या वह्यांमुळेही, असे मला वाटते. जाता जाता एक गोष्ट: पोलिश लोक गेल्यावर त्याच बराकींत फाळणीमुळे सिंधमधून आलेली कुटुंबे राहिली आणि त्या जागेचे गांधीनगर झाले. कापडाच्या घाऊक बाजारासाठी आपण सर्वच तिथे जातो. त्या सिंधी कुटुंबांची पहिल्या वर्षाची चित्रे मात्र मी कुठे टांगलेली पाहिलेली नाहीत.

आणि आपण? या त्रैमासिकाचे बहुतेक वाचक ज्या घराण्यांतले आहेत त्यांच्याकडे कुलवृत्तान्त आहे. कोण घाटावरून आला, कोण बाटवाबाटवीच्या धास्तीने बार्देस-तिसवाडीतून नदी ओलांडून आला, कोणाला सावंतवाडीकर भोसल्यांनी सनद दिली, १७८८ साली पेडणे पोर्तुगिजांकडे गेल्यावर कोणाचे काय झाले, हे पिढी-दर-पिढी नावानिशी लिहिलेले आहे. आपले देवसुद्धा विस्थापित. दिवाडीचा सप्तकोटेश्वर मांडवी ओलांडून नार्व्याला आला. १६६८ साली शिवछत्रपतींच्या आज्ञेने तेथे देवालयाचे काम सुरू झाले आणि दारावरच्या शिलालेखात शक, तिथी, वार व शिवराजांचे नाव कोरले गेले. लिंग हलवण्यात पुढाकार घेणाऱ्या प्रतिष्ठित गृहस्थाचे नावही परंपरेने जपले आहे. होडी ज्यांनी वल्हवली त्यांचे नाही. नाव किती मोलाचे हे आपल्याइतके कोणाला कळावे? आणि तरीही कोणाचे लिहायचे नाही हेही आपल्याला अंगवळणी पडलेले आहे. रसग्रहणकारांना ती पांढरी पट्टी खटकली नाही याचे कारण मला इथे दिसते.

मी स्वतःला यातून वगळत नाही. आमच्या घरी एक छायाचित्र आहे. १९५५ साली पत्रादेवीचा गोळीबार झाल्यावर आणि हद्द बंद झाल्यावर, घरातली दोन मुले व माझी आजी यांना तेरेखोल नदीपार आरोंद्याला पोचवण्यात आले आणि तिथून ती सावंतवाडीला नातलगांकडे राहिली. तेथे एका स्टुडिओत काढलेला हा फोटो. आजी खुर्चीवर, दोन्ही मुले बाजूला, आणि मागे एक बाई उभी आहे, धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून. ती आमच्या मुंडकाराची बायको. रात्री किरणपाणीहून मुलांना होडीत घालून पलीकडे नेणारी तीच. फोटोच्या पाठीवर आजोबांच्या वळणदार मोडी-बाळबोध अक्षरात आजीचे नाव, मुलांची नावे, तिथी, आणि शेवटी ‘व कामाची बाई’.

लहानपणापासून मी तो फोटो पाहत आलो. पणजीहून परतलो त्या रात्री पहिल्यांदा उलटून वाचला.

म्हणून कार्यकारिणीला माझी विनंती आहे की प्रदर्शन आणायचे तर आयोजकांना आधी पत्र लिहावे: प्रत्येक पट्टीवर त्या माणसाचे नाव व गाव द्या, नसेल तर नाव विचारले होते की नाही ते द्या, आणि हे सर्व मराठीत द्या. होकार आला तर डिचोलीत मांडव मी स्वतः उभा राहून घालीन. नकार आला तर ते पैसे दुसऱ्या कामाला लावावेत. पेडणे व डिचोलीच्या जुन्या घरांतले १९५४ ते १९६१ या काळातले फोटो गोळा करावेत आणि चौकटीतल्या प्रत्येकाचे, मागे उभ्या असलेल्यांचेही, नाव जिवंत माणसांकडून विचारून घ्यावे. फार उशीर झालेला आहे. माझी आत्या नव्वदीच्या पुढे आहे.

तिलाच मी त्या बाईचे नाव विचारले. तिने क्षणभरही न थांबता सांगितले, माहेरच्या गावासकट, आणि वर म्हणाली, “सत्तर वर्षांत तू पयलोच विचारतलो.” नाव मी फोटोच्या पाठीवर, आजोबांच्या ओळीखाली, शाईने लिहिले आहे. येथे छापलेले नाही. त्या बाईचा नातू धारगळीला राहतो. त्याला फोटो दाखवायला पुढच्या रविवारी जायचे आहे, आणि छापावे की नाही ते तो सांगेल.