विद्यापीठाच्या दाराशीं

परवां माळा आवरतांना आमच्या चिंचपोकळीच्या घरांत एक पुस्तक सांपडलें. जुन्या दिनदर्शिकेच्या कागदाचें वेष्टन त्यास घातलेलें होतें. तें काढून पाहतां आंत रोहिंटन मिस्त्री यांची 'सच अ लाँग जर्नी' ही कादंबरी निघाली. पहिल्या कोऱ्या पानावर आमच्या पुतणीच्या हस्ताक्षरांत 'द्वितीय वर्ष बी. ए.' असें लिहिलेलें, आणि आरंभींच्या प्रकरणांच्या कडेला पेन्सिलीनें केलेल्या बारीक टिपणी. पुढचीं पानें मात्र स्वच्छ. पुतणी आतां संसाराला लागली आहे. तिला फोनवरून विचारलें तेव्हां ती म्हणाली, "अहो काका, तेवढ्यांतच तें पुस्तक अभ्यासक्रमांतून काढलें ना! मग सरांनीं पुढें शिकवलेंच नाहीं." तिला त्याचें आतां कांहीं वाटत नाहीं. आम्हांस मात्र त्या रात्रीं बराच वेळ झोंप आली नाहीं, आणि त्याचें कारण पुस्तकापेक्षां आमच्या घरांतच अधिक आहे.

ज्या वाचकांस ती हकीकत विस्मृत झाली असेल त्यांच्यासाठीं ती सांगतों. ही कादंबरी १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीं बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादींत तिचें नांव होतें, आणि कॅनडांतील गव्हर्नर जनरल पारितोषिक तिला मिळालें. लेखक मुंबईचे पारशी, सेंट झेवियर्स महाविद्यालयांत शिकलेले, व १९७५ सालीं कॅनडास गेलेले. कथा १९७१ सालच्या मुंबईंतील असून नायक गुस्ताद नोबल हा बँकेंत नोकरी करणारा साधा गृहस्थ आहे. त्याच्या इमारतीच्या आवारास एक लांबलचक भिंत आहे, आणि येणारेजाणारे तिचा उपयोग कशासाठीं करतात हें मुंबईकरांस सांगावयास नको. गुस्ताद पदपथावरील एका चित्रकारास गांठतो आणि त्या भिंतीवर नाना धर्मांचे देव नि संत रंगवून घेतो. दुर्गंधी जाते, उदबत्त्या लागतात, लोक हात जोडूं लागतात. अखेर रस्तारुंदीसाठीं नगरपालिकेचीं माणसें ती भिंतच पाडावयास येतात. तेथपर्यंत आमच्या पुतणीचा वर्ग पोंचला नाहीं.

या कादंबरींतील कांहीं पात्रें शिवसेनेविषयीं कडवट बोलतात, आणि बोलतांना शिव्याही देतात. सप्टेंबर २०१० मध्यें त्या पक्षाच्या भारतीय विद्यार्थी सेनेनें विद्यापीठाच्या दाराशीं कादंबरीच्या प्रती जाळल्या. मागणीचे पुढारी होते श्री. आदित्य ठाकरे, जे त्या वेळीं मिस्त्रींच्याच झेवियर्स महाविद्यालयांत शिकत होते. तत्कालीन कुलगुरू डॉ. राजन वेळूकर यांनीं पुस्तक लगेच मागें घेतलें. तत्कालीन मुख्यमंत्री श्री. अशोक चव्हाण हे विरुद्ध पक्षाचे. परंतु त्यांनींही पुस्तकाच्या भाषेस नांवें ठेवलीं, हें विशेष. ज्या प्रश्नावर एरवीं एकमेकांचें तोंड न पाहणारे पक्ष एका सुरांत बोलतात, त्या प्रश्नाकडे नागरिकांनीं जरा निरखून पाहावें, असा आमचा अनुभव आहे.

पुस्तक जाळणाऱ्यांविषयीं आम्हांस येथें फारसें लिहावयाचें नाहीं. ज्यास राग आला त्यानें निषेध करावा. सभा घ्यावी, मोर्चा काढावा, विरुद्ध पुस्तक लिहावें. खरी हानि दाराबाहेर झाली नसून दाराच्या आंत झाली. कोणत्या वर्गास कोणतें पुस्तक नेमावयाचें हें ठरविण्यासाठीं विद्यापीठांत त्या त्या विषयाचें अभ्यासमंडळ असतें; त्याच्यावर विद्यापरिषद असते. पुस्तक नेमतांना हा सगळा मार्ग चालावा लागतो. काढतांना मात्र कुलगुरूंनीं कायद्यांत तातडीच्या प्रसंगासाठीं ठेवलेला आपला अधिकार वापरला. पूर आला, दंगल झाली, परीक्षा तोंडावर आली, अशा वेळीं उपयोगी पडावा म्हणून जो अधिकार असतो, तो एकोणीस वर्षांच्या जुन्या कादंबरीवर चालविण्यांत आला. शिकविणाऱ्यांस पुसलें असतें, आणि त्यांनीं विचारांतीं पुस्तक बदललें असतें, तर आम्हांस तक्रारीस जागा नव्हती. पुस्तकें बदलतच असतात.

आतां घरची गोष्ट. त्या वर्षीं ११ सप्टेंबरला गणेशचतुर्थी होती, आणि गणपतीच्या दिवसांत चिंचपोकळी म्हणजे काय हें ज्यानें पुलावर उभें राहून पाहिलें आहे त्यास वर्णनाची गरज नाहीं. चिंतामणीच्या ताशाढोलांत आमच्या कानीं कांहीं आलें नाहीं. ऑक्टोबरांत वृत्तपत्रांतून बराच ऊहापोह झाला, तेव्हां हा विषय आमच्या पंक्तींत निघाला. आमचे थोरले बंधू, ज्यांस सारें घर दादा म्हणतें, ते म्हणाले, "शिव्या असलेलें पुस्तक मुलींस वाचावयास लावणें हीच का विद्या? काढलें तें बरेंच झालें." आम्हीं मान डोलाविली. पुतणी समोरच ताक वाढून घेत होती. ती कांहीं बोलली नाहीं. वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "यांतलें कोणी वाचलेंय का तें?" कोणींच वाचलें नव्हतें, आणि विषय तेथेंच संपला.

हेच दादा साडेसहा वर्षांपूर्वीं एका रात्रीं जेवले नव्हते. ५ जानेवारी २००४ रोजीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला. जेम्स लेन या अमेरिकन अभ्यासकानें शिवाजीमहाराजांवरील आपल्या पुस्तकांत जो आक्षेपार्ह मजकूर घातला, तो संस्थेनें लिहिला नव्हता कीं छापला नव्हता. लेखकानें अभ्यासासाठीं तेथील ग्रंथालय वापरलें होतें आणि आभार मानले होते. तेवढ्यावर कपाटें फुटलीं, ग्रंथांची आणि हस्तलिखितांची नासधूस झाली. दादा त्या दिवशीं येरझारा घालीत एकच वाक्य पुनःपुन्हां म्हणत होते, "अरे, चुकलें असेल तर उत्तर लिहा, पण पोथ्यांवर हात कसा टाकतां?" त्यांचें म्हणणें अगदीं रास्त होतें. परंतु तेंच माप मिस्त्रींच्या वेळीं आमच्या हातून सुटलें. भांडारकर संस्था आम्हांस आपली वाटे. तिच्या पायऱ्या आमचे वडील चढले होते. इंग्रजींत लिहिणारा पारशी, तोही परदेशीं गेलेला, त्याचें पुस्तक गेलें तर आमच्या ताटांतलें काय कमी झालें?

आणि जे आपले म्हणून होते त्यांचें तरी आम्हीं काय केलें? रघुनाथ धोंडो कर्वे हे गिरगांव चौपाटीवरील विल्सन महाविद्यालयांत गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ पासून ते संततिनियमनाचा सल्ला देऊं लागले. गणिताच्या तासांत नव्हे, आपल्या घरीं. तरी १९२५ सालीं त्यांस ती नोकरी सोडावी लागली. तेथें जमाव आला नव्हता, कांहीं जाळलें गेलें नव्हतें. चारचौघांची कुजबूज आणि चालकांची नापसंती एवढ्यानें काम भागलें. पुढें त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ पासून आपल्या अंतापर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, सोसून चालविलें. त्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यांत डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. शिकलेल्या ब्राह्मण घरांनीं काय केलें म्हणाल, तर आमच्या आजोबांच्या पेटींत त्या मासिकाचे अंक सांपडले होते. तेही वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळलेले. वेष्टन घालण्याची कला आमच्या घराण्यांत जुनी दिसते.

सत्तेला विद्यापीठ मुठींत हवें असतें हें कांहीं आजचें नव्हे. लॉर्ड कर्झन यांनीं १९०४ सालीं विद्यापीठांचा कायदा केला. अधिसभेंत सभासद पन्नासांहून कमी आणि शंभरांहून अधिक नसावे. त्यांतील बहुतेक सरकारनें नेमावे. निवडून येणाऱ्यांस मुंबईसारख्या विद्यापीठांत अवघ्या वीस जागा. शिक्षणाचा दर्जा सुधारावा ही सबब होती, आणि ती सर्वस्वीं खोटी होती असेंही नाहीं. परंतु नामदार गोखले यांनीं, जे स्वतः फर्ग्युसनमध्यें वर्षानुवर्षें शिकवीत आलेले, वरिष्ठ कायदेमंडळांत त्या विधेयकास कसून विरोध केला. मतें थोडीं पडणार हें ठाऊक असून केला. १९०७ सालीं शिक्षकांनीं व विद्यार्थ्यांनीं राजकारणापासून दूर राहावें असें परिपत्रक निघालें. आमच्या घरापासून आर्थर रोडचा तुरुंग लांब नाहीं. त्या रस्त्यास आतां साने गुरुजींचें नांव आहे. अमळनेरच्या शाळेंतली मास्तरकी सोडून १९३० सालीं सत्याग्रहांत उतरलेल्या शिक्षकाचें नांव तुरुंगाच्या रस्त्यास कोणीं सुचविलें कोण जाणे, पण तेथून जातांना आम्हांस नेहमीं थबकावयास होतें.

इंग्रज गेला, अधिसभेचा मोह राहिला. डिसेंबर २०२१ मध्यें, श्री. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असतांना, विधिमंडळानें एक दुरुस्ती संमत केली. तिच्यानें उच्च शिक्षणाचे मंत्री प्र-कुलपती व्हावयाचे होते, आणि कुलगुरूंच्या नेमणुकींत सरकारचा हात बळकट व्हावयाचा होता. पुढें सरकार बदललें आणि तें विधेयक मागें घेण्यांत आलें. नव्या सरकारास विद्यापीठांच्या स्वातंत्र्याचा उमाळा आला असें मात्र कोणी समजूं नये. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेवर पदवीधरांनीं दहा प्रतिनिधि निवडावयाचे असतात. ती निवडणूक १० सप्टेंबर २०२३ रोजीं व्हावयाची होती. १७ ऑगस्टच्या रात्रीं ती एकाएकीं स्थगित झाली. नंतर २२ सप्टेंबर २०२४ ही तारीख ठरली, आणि दोन दिवस अगोदर सरकारच्या सूचनेवरून पुन्हां स्थगिती आली. या वेळीं प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें. न्यायालयानें निवडणूक घ्यावयास लावली, २४ तारखेस मतदान झालें, आणि दहाच्या दहा जागा उद्धव ठाकरे यांच्या पक्षाच्या युवासेनेस मिळाल्या.

म्हणजे २०१० सालीं ज्यांच्या धाकानें विद्यापीठानें आपला नियम गुंडाळून ठेवला, तेच २०२४ सालीं त्या नियमाचें रक्षण मागत न्यायालयाच्या दारीं उभे होते. यांत आम्हांस हंसूं आलें नाहीं. न्याय त्या वेळीं त्यांच्या बाजूस होता, आणि तो मिळाला हें उत्तम झालें. मात्र ज्या दिवशीं पुस्तक गेलें त्या दिवशीं विद्यापीठ ताठ उभें राहिलें असतें, तर चौदा वर्षांनीं निवडणूक रात्रींतून थांबविण्यास कोणत्याही सरकारचा हात जरा तरी कचरला असता, असें आमचें मत आहे. एकदां वांकलेल्या दारास पुढें कोणीही खांदा लावतो, आणि खांदा कोणत्या पक्षाचा हें दार पाहत नाहीं.

हें सर्व पंक्तींत सांगून झाल्यावर वहिनींनीं शांतपणें विचारलें, "भाऊजी, त्या निवडणुकींत तुम्हीं मत कोणास दिलेंत?" आम्ही गप्प झालों. अधिसभेच्या मतदानासाठीं पदवीधरानें आपलें नांव आधीं नोंदवावें लागतें. आमच्या घरांत मुंबई विद्यापीठाचे पदवीधर सात. पदव्या चौकटींत घालून भिंतीवर लावलेल्या. आणि यादींत एकाचेंही नांव नाहीं. वहिनी पुढें म्हणाल्या कीं, तें दिनदर्शिकेचें वेष्टन त्यांनींच घातलें होतें. दुपारीं सर्वांची पाठ फिरली कीं त्या वाचीत; डाग पडूं नयेत म्हणून वेष्टन. पूर्ण वाचलें का, असें विचारतां म्हणाल्या, "भिंत पाडतात तिथपर्यंत. मग दोन दिवस हातांतच घेववेना."

पुस्तक सध्यां दादांच्या उशाशीं आहे. त्यांनीं अद्याप आपलें मत सांगितलेलें नाहीं. आपलें होईपर्यंत तें कोणीं हलवूं नये, एवढी ताकीद मात्र सर्वांस दिली आहे.