कल्याणची यमुना आणि कादंबरीतली आनंदी

२६ फेब्रुवारी डॉ. आनंदीबाई जोशी यांचा स्मृतिदिन, २७ मराठी भाषा गौरव दिन, २८ राष्ट्रीय विज्ञान दिन. विज्ञानाचा इतिहास मराठीत कसा सांगावा, हे विचारायला याहून चांगला मुहूर्त नाही. खर्डीकरांना तर हा विषय घरचाच. आपली कसारा लोकल ज्या कल्याणला जाते, तिथेच ३१ मार्च १८६५ रोजी यमुना, म्हणजे पुढच्या आनंदीबाई, जन्मली. त्याच वर्षी थळ घाट चढून आगगाडी इगतपुरीला जाऊ लागली होती.

श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ १९६८ साली आली. आपल्याकडे आनंदीबाई ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना बहुधा या कादंबरीमुळे, नाहीतर २०१९ च्या चित्रपटामुळे. आणि इथेच वाचकांत दोन तट पडतात. कादंबरी नसती तर हे नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीपुरते उरले असते, असे काही जण म्हणतात. दुसरे विचारतात, नवराबायकोचे दाराआडचे बोलणे कोणी ऐकले होते? कादंबरीकाराने रचलेली वाक्ये मुले भाषणात आनंदीबाईंची म्हणून म्हणतात, त्याचे काय?

आम्हाला ही तक्रार रास्त वाटते, आणि तरी कादंबरी हवीच वाटते. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, त्या आईच्या मनात काय चालले असेल याची नोंद कुठल्या दप्तरात सापडणार? तिथे कादंबरीकारानेच जावे. विज्ञानाची गोष्ट मात्र निराळी, त्याच्या नोंदी आहेत. क्षयाचा जंतू सापडल्याचे रॉबर्ट कॉख यांनी मार्च १८८२ मध्ये जाहीर केले. पुढच्याच वर्षी एप्रिलात आनंदीबाई कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. क्षयावर लागू पडणारे स्ट्रेप्टोमायसीन सापडायला १९४३ साल उजाडावे लागले. रोगाचे कारण कळले होते, औषध नव्हते. आणि त्या मधल्या काळात, १८८७ साली, बाविशी गाठण्याआधीच क्षयाने त्यांना नेले. कुठलाही कल्पित प्रसंग या तारखांइतका काळजाला लागत नाही. त्या इकडच्या तिकडे केल्या तर कादंबरीकार आपलीच गोष्ट लुळी करतो.

वाद होतात ते आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांच्या स्वभावावर. आनंदीबाई शिकल्या काय, यावर कोणी बोलत नाही, याचे आम्हाला फार वाईट वाटते. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेताना त्यांनी प्रबंध लिहिला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. कोल्हापूरच्या रुग्णालयातली नेमणूक झाली होती, पण रुजू होणे नशिबी नव्हते. शहापूर तालुक्यातल्या काही पाड्यांवरून पावसाळ्यात अडलेल्या बाईला अजूनही झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. तो प्रबंध लिहिणारी बाई याच जिल्ह्यातली होती, हे त्या पाड्यावरच्या मुलीला कळायला हवे. कादंबरीतून कळले तरी चालेल.

अंजली कीर्तने यांनी कागदपत्रे धुंडाळून लिहिलेले आनंदीबाईंचे चरित्र १९९७ पासून मराठीत आहे. वाचनालयांनी ते कादंबरीच्या शेजारी ठेवावे. नव्या कादंबरीकारांनीही पुस्तकाच्या शेवटी दोन पाने द्यावीत: आधार कशाला आहे आणि मनाने काय रचले आहे. आणि यंदा शाळेत जी मुलगी आनंदीबाईंवर बोलेल, तिला बाईंनी प्रेमाने एवढेच विचारावे, हे वाक्य आनंदीबाईंचे की कादंबरीतले? तिला सांगता आले नाही, तर दोन्ही पुस्तके तिच्या दप्तरात घालावीत.