टेबलाभोवतीची पावलं

इंग्लंडमधल्या हॉवर्थ गावी, धर्मगुरूच्या घरात, रात्री नऊनंतर तीन बहिणी जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या मारत. चालता चालता एकमेकींना लिहिलेलं ऐकवत. शार्लट, एमिली आणि ॲन ब्राँटे.

१८२१ मध्ये आई गेली. १८२५ मध्ये शाळेतून आजारी परतलेल्या दोघी थोरल्या बहिणी दीड महिन्याच्या आत क्षयाने गेल्या. उरलेली चार भावंडं, त्यांत आता शार्लट थोरली, एकमेकांना धरून वाढली, कागदावर राज्यं वसवत राहिली. १८४७ मध्ये ‘जेन एअर’ आणि ‘वुदरिंग हाइट्स’ या कादंबऱ्या आल्या त्या याच घरातून. म्हणून त्यांच्या एकाकीपणाचे गोडवे गायला आपण मोकळे होतो. पण त्याच घरात भाऊ ब्रॅनवेल दारू आणि अफूपायी खचत होता, आणि ते रोज बघणं बहिणींच्या वाट्याला आलं होतं. सप्टेंबर १८४८ मध्ये तो गेला, डिसेंबरात एमिली, पुढच्या मे महिन्यात ॲन. त्यानंतर शार्लट त्या टेबलाभोवती एकटीच फिरत राहिली. घरातल्या मोलकरणीला ती एकटी पावलं ऐकवत नसत.

हा अंक बहिणींवर काढताना ती पावलं मनातून जात नव्हती. आपल्याकडेही घरातलं माणूस गेलं की थोरल्या मुलीला सांगतात, ‘आता तूच सगळ्यांना सांभाळ.’ तिला कोण सांभाळणार, हे विचारायचं राहून जातं. अंक वाचून झाला की अशा एखाद्या ताईला फोन करा. सल्ला देऊ नका, नुसतं ऐका.