विश्लेषण : गावाच्या ओढीची किंमत कायदा कशी मोजतो?

डहाणू-घोलवड चिकूला २०१६-१७ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. घोलवड-बोर्डी पट्ट्यातील माती आणि खारा वारा यांच्याशी या फळाचे नाते आहे, हे त्यामुळे कागदावर आले. इथल्या माणसाचे गावाशी असलेले नाते मात्र बहुधा जमीन जाते तेव्हाच कागदावर येते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा ५०८ किलोमीटरचा मार्ग बोर्डीच्या पूर्वेकडून, डहाणू आणि तलासरी तालुक्यांतून जातो. २०१८ मध्ये पालघरच्या चिकू-आंबा बागायतदारांनी या भूसंपादनाला विरोध केला होता.

दिलासा रक्कम म्हणजे काय?

भूसंपादन कायद्यात भरपाईवर एक जादा रक्कम मिळते, ती ‘दिलासा रक्कम’. मालकाची इच्छा नसताना जमीन घेतली जाते, म्हणून ती द्यायची. १८९४ च्या कायद्यात ती बाजारभावाच्या १५ टक्के होती, १९८४ मध्ये ३० टक्के झाली आणि २०१३ च्या कायद्याने ती १०० टक्क्यांवर नेली. समजा, जमिनीचा बाजारभाव १० लाख आहे. ग्रामीण भागाचा गुणक दोन धरला तर २० लाख झाले. चिकूच्या झाडांचे मूल्य तज्ज्ञांनी दोन लाख ठरवले, तर एकूण २२ लाख. त्यावर तेवढाच दिलासा, म्हणजे ४४ लाख. रक्कम लहान नाही. पण आजोबांनी लावलेल्या वाडीचे उत्पन्न नातू घेतो, तिथे झाडाचे वय मोजता येते. त्या तीन पिढ्यांचा हिशेब या गणितात बसत नाही.

मालकी नसलेल्यांचे काय?

खरी अडचण इथे आहे. ओढ असायला सातबारा लागत नाही. संजाणहून हलवलेला पवित्र अग्नी बोर्डीजवळच्या बहरोटच्या गुंफेत १२ वर्षे जपला गेला, अशी पारशी परंपरा आहे. त्या डोंगरावर वाडी नसलेले पारशीही श्रद्धेने तिथे येतात. भूगोलाचे अभ्यासक यी-फू तुआन यांनी १९७४ च्या पुस्तकात जागेविषयीच्या अशा प्रेमासाठी ‘टोपोफिलिया’ हा शब्द वापरला.

वाडीत राबणारे वारली मजूर कुटुंब तर रोज त्याच झाडांखाली असते. तीन वर्षे तिथे काम असेल आणि उपजीविका बुडत असेल, तर २०१३ चा कायदा त्याला ‘बाधित कुटुंब’ मानतो आणि पुनर्वसनाचा हक्क देतो. दिलासा रक्कम मात्र भरपाईच्या प्रमाणात ठरते. जमीन नाही, झाड नावावर नाही, म्हणजे भरपाई शून्य आणि शून्याचे १०० टक्के शून्यच. ओढीचा मोबदला द्यायचा असेल तर तो फक्त मालकाला का, याचे उत्तर कायद्यात नाही.

मजुराचे म्हणणे नोंदवायचे कुठे?

डहाणू आणि तलासरी अनुसूचित क्षेत्रात आहेत. अशा भागात संपादनापूर्वी ग्रामसभेची संमती घ्यावी, असे कलम ४१ सांगते. ग्रामसभेत बोलायला जमीन लागत नाही, गावच्या मतदारयादीत नाव पुरते. पावसाळा संपला की इथली अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. त्यामुळे संमतीची सभा कोणत्या महिन्यात लावली आहे, हे आधी पाहायला हवे.