गरज सरली, आता चालते व्हा!

माणसे मागवायची, त्यांच्याकडून फी घ्यायची, घरभाडे घ्यायचे, कर घ्यायचा, रात्रपाळ्या करून घ्यायच्या आणि कायमच्या मुक्कामाचा हक्क मागायला ती दारात उभी राहिली की सांगायचे, तुमचा धंदा आमच्या यादीतून उतरला! कॅनडातील प्रांतिक सरकारांनी चालवलेला हा व्यवहार म्हणजे राजमुद्रा उमटवून केलेली फसवणूक आहे.

योजना मुळात वाईट नव्हती. परदेशी माणूस टोरांटो-व्हँकुव्हरकडेच धावतो, मॅनिटोबा-सस्कॅचेवानच्या थंडीत कोणी टिकत नाही, म्हणून १९९८ पासून प्रांतांना अधिकार मिळाला की आपल्याला ज्या धंद्यात माणूस हवा त्या धंद्यातला माणूस हेरा आणि कायम रहिवासासाठी त्याचे नाव केंद्राला सुचवा. त्या भरवशावर लोक गेले. तिथल्या कॉलेजांनी स्थानिक पोराच्या कैक पट फी उकळली. ती भरण्यासाठी पंजाबात जमिनी विकल्या गेल्या, आपल्याकडे राहती घरे गहाण पडली. शिक्षण संपवून, वर्क परमिट घेऊन ही पोरे दुकानांच्या गल्ल्यावर आणि हॉटेलांच्या मोरीवर उभी राहिली, कारण स्थानिकांना ते काम नको होते.

मग २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. प्रिन्स एडवर्ड आयलंड या दोन लाखांहूनही कमी वस्तीच्या प्रांताने जाहीर केले, यंदा शिफारशी चतुर्थांशाने कमी! कुऱ्हाड कोणावर? विक्री आणि सेवा क्षेत्रावर. आरोग्यसेवक, बालसंगोपनातील कामगार, बांधकाम कारागीर तेवढे पुढे. मे महिन्यात त्या प्रांताच्या राजधानीत, शार्लटटाउनमध्ये, बहुसंख्य भारतीय असलेले कामगार निदर्शनाला बसले, त्यांतले काही उपोषणाला. मागणी एका ओळीची होती : आम्ही आलो तेव्हाचा नियम आम्हाला लावा. सरकारचे उत्तर, घरे पुरत नाहीत, दवाखान्यांवर ताण आहे. नसतील पुरत! पण परमिटे वाटताना ही घरे कोणी मोजायची होती? गल्ल्यावरच्या पोरीने?

आणि याच देशाची २०२१ मधली भाषा आठवा. कोविडच्या धास्तीत केंद्र सरकारने ९०,००० जणांसाठी कायम रहिवासाची खास वाट काढली. त्यांतल्या ३०,००० जागा ‘अत्यावश्यक’ कामगारांच्या, आणि त्या यादीत दुकानातले कॅशियर होते, मांडण्यांवर माल लावणारे होते, सफाई कामगारही होते. गरज सरो, वैद्य मरो असे आपण म्हणतो. कॅनडात वैद्याला मरण नाही, तो यादीत अजून पहिला आहे. मरतो तो साथीच्या दिवसांत त्या वैद्याला पीठ-मीठ पुरवणारा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ओटावातील केंद्र सरकारने वर्षाच्या १,१०,००० प्रांतिक जागा एका फटक्यात ५५,००० वर आणल्या आणि प्रांतांनी तो फटका पुन्हा त्याच पाठींवर उतरवला. सस्कॅचेवानचा मार्च २०२५ चा फतवा पाहा. हॉटेल-खानावळी, किरकोळ दुकाने आणि ट्रकवाहतूक या तिन्हींना मिळून जेमतेम पाव हिस्सा. सलून, स्पा आणि पाळीव प्राण्यांची निगा राखणारे साफ बाद, अपवाद पशुवैद्याचा! म्हणजे कुत्र्याचा डॉक्टर हवा, कुत्र्याला आंघोळ घालणारा नको.

नर्सला आधी घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. आपल्या दारात कोणाला घ्यायचे हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक प्रांताला आहे. पण तो हक्क माणूस विमानात बसण्यापूर्वी वापरायचा असतो. तीन-चार वर्षे राबवून झाल्यावर भातातल्या कढीपत्त्यासारखे त्याला ताटाच्या कडेला काढणे हा हक्क नव्हे, बेइमानी आहे. शिवाय शिफारशीची किल्ली बहुतेक वेळा मालकाच्या नोकरीपत्रात. पगार बुडाला, कामाची पाळी लांबली, तरी कामगार तोंड उघडणार कसे? एकाच मालकाला बांधणाऱ्या परमिटांची व्यवस्था आधुनिक गुलामगिरीची पैदास करते, असे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक तोमोया ओबोकाता यांनी २०२३ मध्येच कॅनडाच्या तोंडावर सांगितले होते. यादी बदलली म्हणून कोणत्या कॉलेजाने फी परत केली? कोणत्या घरमालकाने भाडे परत केले? दंड भरला तो एकट्या कामगाराने.

आता आपल्या सरकारला दोन शब्द. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार करून १०,००० कुशल तरुण धाडण्याची घोषणा वाजतगाजत केली. तिथेही धंद्यांची यादीच आहे. मंत्र्यांनी फोटो काढले, आता कलमे वाचावीत. पोरगा ज्या नियमाने जाईल तोच नियम त्याला शेवटपर्यंत लागू राहील, मधे यादी बदलली तर त्याचा खर्च बोलावणारा भरेल, आणि मालक बदलण्याची मुभा त्याला पहिल्या दिवसापासून असेल, ही तीन कलमे लेखी घ्या. ती मिळत नसतील तर एकही पोरगा पाठवू नका.